दुपारी पालथं होणारं बाळ

बाळाला मी उताणं निजवलं होतं. देवाशपथ सांगते. उताणं, कडक सपाट गादीवर, डोक्याखाली उशी नाही, अंगावर गोधडी नाही, तोंडाजवळ चिंधीसुद्धा नाही. मग आंघोळीला गेले. डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आले तर बाळ पालथं. एक गाल गादीला चिकटलेला, दोन्ही मुठी कानांशी, आणि पाठ इतकी हळू वरखाली होत होती की ती होतेय हे कळायलाच मला वेळ लागला.

दीड महिन्याचं पोर ते. अजून मान धरत नव्हतं. असं पोर आपलं आपण पालथं होत नाही, हे कुणीही सांगेल. मी झडप घालून उचललं. ते दचकून रडायला लागलं आणि त्याचं रडणं ऐकून मला हायसं वाटलं.

"आई!" मी ओरडले. "याला पालथं कुणी केलं?"

आई स्वयंपाकघरातून आली. कोळंबी सोलत होती, दोन्ही हात तसेच बरबटलेले. "मी नाही गं. हात बघ माझे."

"मग बाबा?"

"ते गेटवर गेलेत वॉचमनशी गप्पा मारायला." एवढं बोलून तिनं बाळाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही उतरला की मी पुढे काही विचारलंच नाही.

बाळंतपणाला मी माहेरी आले होते, मुलुंड पूर्वेला. सासर बोरिवलीचं, नवरा सांताक्रूझला नोकरीला, तो शनिवार-रविवार यायचा. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, डॉक्टरांचे उंबरे झिजवून झालेलं हे पोर. घरात आम्ही तिघं आणि बाळ. पण सगळ्यात विचित्र होती ती बिल्डिंग. पुनर्विकासात गेलेली. निम्म्याहून जास्त लोक भाड्याच्या जागेत निघून गेले होते, जाताना दारं-खिडक्यासुद्धा काढून नेलेल्या. आम्ही तळमजल्यावर. डोक्यावरच्या घरात कुणी राहत नव्हतं, पण दुपारी तिथे बादली सरकल्यासारखा आवाज यायचा. कबुतरं असतील, मी म्हणायचे. कबुतरं बादली कशी सरकवतील, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नसे.

हॉस्पिटलमधून सोडताना बाळाच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं होतं. बाळाला प्रत्येक झोपेला उताणंच निजवायचं, दुपार असो की रात्र. आपल्याच खोलीत, पण त्याच्या वेगळ्या गादीवर. गादी कडक हवी. उशी नको, जाड पांघरूण नको, मऊ खेळणी नकोत, एकावर एक टोपडी घालून उकडवायचं नको, खोलीत धूर नको. चांगली धडधाकट बाळं कधीकधी झोपेतच जातात, त्या म्हणाल्या. का जातात ते आम्हालाही नेहमी सांगता येत नाही, पण एवढं पाळलं तर धोका बराच कमी होतो. "पूर्वी आम्हीच पालथं निजवा सांगायचो," असंही त्या म्हणाल्या. "आमचं चुकत होतं." डॉक्टर माणूस असं तोंडावर चूक कबूल करतं हे मी पहिल्यांदाच पाहत होते. म्हणून मी त्यांचं सगळं ऐकलं. नाहीतर मी कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हे.

घरी येताना मी भांडायच्या तयारीनंच आले होते. बाळंतिणीचं घर म्हणजे काय असतं ते मला माहीत होतं. शेक-शेगडी, ओव्याची धुरी, कानटोपडी, सगळा मारा होणार. आणि झालंही तसंच. बाबांनी हौसेनं राईची उशी शिवून आणली होती, बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून. मी तोंड उघडायच्या आत आईनं ती उशी उचलली आणि थेट माळ्यावर भिरकावली. बाबा बघतच राहिले. मीही. पदर खोचून भांडायला उभी राहिलेली मी, आणि समोर भांडायला कुणी नाही. धुरीचंही तसंच. नको म्हटलं तर आई बरं म्हणाली. मला वाटलं, चला, म्हातारी सुधारली.

फक्त एक गोष्ट ती करत नसे. बाळाला न्हाऊ घालायची, मालिश करायची, त्याच्याशी मालवणीत तासन्‌तास बडबडायची, पण ते पेंगायला लागलं की माझ्या हातात द्यायची. "घे गो बाय, तूच निजव." मी जेवत असले तरी. मी दमून मेले असले तरी. एकदा मी वैतागून म्हटलं, "तुझ्या हातून निजवलं तर काय झडतात का हात?" तर ती आत निघून गेली.

मग ते दुसऱ्यांदा झालं. मी हॉलमध्ये बसून जेवत होते, पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. बाळ पालथं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी नुसती डुलकी काढली होती. नेहमी दुपारचीच वेळ. दुपारी आमच्या त्या ओसाड बिल्डिंगीत इतकं सामसूम असायचं की बाहेरच्या टाकीत पडणाऱ्या पाण्याची धार ऐकू यायची. आणि त्या सामसुमीत कुणीतरी माझ्या लेकराला उचलून, उलटं करून, परत ठेवत होतं. रडवतसुद्धा नव्हतं.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, तूच झोपेत केलं असशील. तुझी झोप कुठे होतेय यार?" मी फोन आपटला. पण ते डोक्यात बसलं. मला खरंच वाटायला लागलं की मीच करत असेन. आरशात बघितलं की डोळ्यांखाली काळं, केस पिंजारलेले, आणि मनात एकच विचार, की या बाईच्या हाती पोर सुरक्षित आहे का? भीती कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. चोराची नाही, भुताची नाही, स्वतःच्या हातांची.

आईला विचारलं तर ती भलतंच बोलली. बाळ झोपेत हसत होतं, ओठाचा एक कोपरा वर करून, आणि आम्ही दोघी बघत होतो. "सटवाई खेळवतेय," ती म्हणाली. "ती कानात सांगते, तुझी आई मेली. पोर हसतं, कारण आत्ताच तर आईचं दूध प्यायलंय. मग सांगते, तुझा बाप मेला. तेव्हा रडतं."

"आणि पालथं पण तीच करते का? तिला दुसरी कामं नाहीत?"

आई हसली नाही. "तिचा भरवसा नाही," म्हणाली. आणि बोटाची मागची बाजू बाळाच्या नाकाशी धरून उभी राहिली. ती हे दिवसातून कितीदा तरी करायची. दारातूनच यायची, श्वास लागतोय का बघायची आणि आल्या पावली परत जायची.

शेवटी मी एक दिवस आंघोळीला जाताना खोलीचं दार ओढून बाहेरून कडी लावली. बघू कोण येतं ते. बाहेर आले तर कडी जशीच्या तशी. मी काढली, दार ढकललं. बाळ पालथं.

आता सांगायला काय, सोपं आहे. कडी बाहेरून लावली म्हणजे ती घरातल्या कुणालाही काढता येते आणि परत लावता येते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण तेव्हा डोकं ठिकाणावर कुठे होतं? मी बाळाला छातीशी धरून त्या खोलीच्या मधोमध उभी राहिले. वरच्या रिकाम्या घरात काहीतरी सरकलं.

आई धावत आली. कडीकडे बघून तीच माझ्यावर ओरडली. "दार कशाला लावलंस? पोर आत असताना दार ओढू नकोस कधी! त्या दिवशीही दार ओढलेलं होतं!"

"कुठल्या दिवशी?"

ती कुकर लावायचाय म्हणून निघून गेली. दुपारचे तीन वाजले होते, जेवणं कधीच उरकली होती, कुकर कसला लावते?

मला माहीत होतं, कुठला दिवस ते. म्हणजे, माहीत होतं आणि नव्हतं. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. तो राहिला नाही. आमच्या घरात हे एवढ्याच शब्दांत बोललं जायचं, 'राहिला नाही', जणू पाहुणा आला होता आणि मुक्काम न करता गेला. फोटो नाही, तारीख नाही. लहानपणी एकदा मी विचारलं होतं की तो कसा होता, तर आत्यानं मला खसकन ओढून बाहेर नेलं होतं. याच घरात, याच खोलीत तो गेला होता, हे मात्र मला त्या दुपारपर्यंत सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सोंग घेतलं. बाळाला उताणं निजवलं, त्याच्या गादीशेजारी खाली चटईवर आडवी झाले आणि मुद्दाम घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागले. डोळे किलकिले. पंखा घरघरत होता. आई भांडी घासत होती, त्यांचा आवाज येत होता, म्हणजे ती तिकडेच होती. दार आवाज न करता उघडलं.

बाबा आले. अनवाणी. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या त्यांनी हॉलमध्येच काढल्या होत्या. माझ्या अंगावरून असे ओलांडून गेले की लेंग्याची घडीसुद्धा मला लागली नाही. वाकले, एक हात बाळाच्या छातीवर, एक डोक्यामागे, आणि भाकरी परतावी इतक्या सहज त्यांनी ते पोर पालथं केलं. त्यानं नुसते ओठ मुडपले. मग बाबा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी बाळाच्या पाठीला कान लावला. किती तरी वेळ ते तसेच होते, डोळे मिटून. माझे बाबा, ज्यांनी मला सायकल शिकवली, जे आजही माझ्यासाठी फणसाचे गरे सोलून ठेवतात. आणि मला त्यांची भीती वाटली.

मग मी एकदम ओरडले. "बाबा!"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "श्श. उठेल तो."

मी उठले, बाळाला परत उताणं केलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. वेड लागलंय का तुम्हाला, किती दिवस चाललंय हे, मला वाटलं मी खुळी झाले, एवढं नवसासायासाचं पोर, त्याच्या जिवावर उठलात का? बापाला असं बोलायचं नसतं. मी बोलले.

बाबा रागावले नाहीत. तेच जास्त वाईट होतं. शांतपणे म्हणाले, "उताणं निजवलं की दूध वर येतं आणि घशात अडकतं. तुझा भाऊ तसाच गेला. तुझ्या आईनं त्याला उताणं टाकलं होतं. मी कंपनीतून आलो तेव्हा तो उताणा होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला. बिचाऱ्या ओपीडीत होत्या, तरी बोलल्या. "आजोबा, उताण्या बाळाला उलटी आली तरी ते गिळतं नाहीतर बाहेर टाकतं. उताणं असताना श्वासनळी वरच्या बाजूला असते, दूध तिकडे चढत नाही. उलट पालथ्या बाळाचं नाक-तोंड दाबलं जातं, त्याला मान उचलता येत नाही. जागं असताना, तुम्ही समोर बसलेले असताना पालथं घाला ना. झोपताना नको." बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, त्यांना नमस्कार सांगितला, आणि फोन बंद झाल्यावर मला म्हणाले, "त्यांनी पुस्तकात वाचलंय. मी बघितलंय."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण इथे पोळलं होतं कशानं आणि हा माणूस फुंकत काय होता! मी बॅग काढली. कपडे कोंबायला लागले. म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता बोरिवलीला जाते.

"जा," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "पण तिथेही उताणंच निजवशील. मी तिथे येईन. दारात बसेन. एकाला घालवलंय मी बाय, परत नाही घालवायचं." आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले.

माझे हात थांबले. कारण मला कळलं की हा माणूस थांबणार नाही. माया आहे ती, तिला काय कडी लावणार? मी किती डोळे उघडे ठेवणार? मी आंघोळीला जाणार, मला कधीतरी झोप लागणार, पुढे मी नोकरीवर जाणार. आणि प्रत्येक वेळी हा अनवाणी येणार.

तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली. साबणाचे हात तसेच, कोपरापर्यंत फेस. ती बाबांशी नेहमी अहो-जाहो करून, अदबीनं, खालच्या आवाजात बोलायची. त्या वेळी तिच्या तोंडून निव्वळ मालवणी आली.

"तो उताणो नाय होतो. पालथो होतो. मीच तेका उताणो केलंय."

बाबांनी वर बघितलं.

मग ती सावकाश बोलली, प्रमाण मराठीत, जणू शाळेत धडा म्हणतेय. "त्या दिवशी मी टाकीवर पाण्याला गेले होते. तुम्ही जेवून दुपारपाळीला निघाला होता. पोर किरकिरत होतं. तुम्ही त्याला राईच्या उशीवर पालथा निजवलात. पालथा घातला की निजतो, असं तुम्हीच म्हणायचात. निजला. तुम्ही दार ओढून घेतलंत आणि गेलात. जाताना टाकीवर मला सांगितलंत, निजलाय, घाई करू नकोस. मी पाणी आणलं. दार लागलेलं होतं, आत आवाज नव्हता. मला वाटलं, बरं झालं. मी कपडे वाळत घातले. मग आत गेले. तोंड उशीत होतं. मी त्याला उताणा केला, हाका मारल्या, तोंडात फुंकर घातली. मग शेजारच्या आल्या. तुम्हाला कंपनीत निरोप गेला. तुम्ही आलात तेव्हा तो उताणा होता. तुम्ही विचारलंत, उताणा कुणी केला? मी म्हटलं, मी. कधी केला ते सांगितलं नाही."

पंख्याचा आवाज येत होता. बाळ झोपलेलंच होतं, त्याचं पोट वरखाली होत होतं.

"आजवर बोलली नाहीस?" बाबांनी विचारलं. ओठ हलले फक्त, पण कळलं.

"तुमचं तोंड बघितलं ना मी त्या दिवशी," आई म्हणाली. "एक गेला होता. तुम्हाला पण घालवून बसू?"

बाबा भिंतीला टेकले आणि हळूहळू खाली बसले. आई म्हणाली, "तो कशानं गेला ते देवाला ठाऊक. डॉक्टरला पण सांगता आलं नाही. तुमच्यामुळे गेला असं मी तेव्हा म्हटलं नाही, आज पण म्हणत नाही. पण उताणा नव्हता. एवढे माझ्यावर उपकार करा, याला पालथा करू नका."

मी तिथेच उभी होते, हातात बाळाची लाळेरी. आणि एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागेवर बसत होती. माझ्या जन्मानंतर आत्या येऊन आमच्याकडे राहिली होती, वर्षभर. 'तुझ्या आईच्या हातून निजवलेलं पोर उठत नाही,' हे माझ्या आजीचं वाक्य मी लहानपणी ऐकलं होतं आणि मला वाटलं होतं की आईच्या हाताला गाढ झोप आहे, कौतुक चाललंय. मला तिनं कधी निजवलंच नव्हतं. निजवू दिलं नव्हतं तिला. पोटच्या पोरीला. आणि हे सगळं तिनं मुकाट गिळलं होतं, एका माणसासाठी, जो दर दुपारी मनात तिला दोष देत माझ्या बाळाला पालथं करत होता. मला दोघांचा इतका राग आला आणि दोघांची इतकी कणव आली की मी मोठमोठ्यानं रडले. बाळ उठलं. मग त्याला घेऊन रडले.

त्यानंतर बाळ कधी पालथं झालं नाही. जसं ठेवावं तसं उताणं, बेडकासारखे पाय फाकवून, निवांत. पण घर निवांत झालं नाही. बाबा बोलेनासे झाले. खोलीत पाऊल टाकत नसत. दुपारी बाहेर पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असत, रिकाम्या घरांच्या चौकटींकडे तोंड करून. जेवायला हाक मारली की यायचे, दोन घास खायचे, जायचे. आई त्यांच्या ताटात मासा वाढायची, ते तसाच ठेवायचे. वर काही सरकलं की आता मला बाळाच्या नाही, त्यांच्या जिवाची भीती वाटायची. मी दार उघडून बघून यायचे, खुर्चीत आहेत ना. आई जे इतकी वर्षं घाबरून होती ते हेच, हे मला कळत होतं, आणि तिच्या डोळ्याला डोळा द्यायची हिंमत होत नव्हती.

मी सासरी जायच्या आधी बारसं केलं. हॉल झेंडूच्या माळांनी सजवला, पाळणा भाड्यानं आणला, आईनं घुगऱ्या शिजवल्या. बिल्डिंगीतल्या उरल्यासुरल्या बायका आल्या, सोडून गेलेल्याही दोघी-तिघी हौसेनं आल्या. सासरची माणसं आली. आत्या आली, आता काठी टेकत, पण आवाज तोच खणखणीत. लोकांनी पाळण्यात काय काय आणून ठेवलं होतं. मऊ अस्वल, गाद्या-गिरद्यांचा सेट, जाड गोधडी. बाबा आले, कुणाशी न बोलता त्यांनी ते एकेक बाहेर काढलं आणि सोफ्यावर रचून ठेवलं. खाली नुसती कडक गादी आणि ताणून बसवलेली चादर राहिली. त्यांनी ती तळहातानं दाबून बघितली. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा बाळाच्या वस्तूला हात लावत होते.

नाव ठेवून झालं, पाळणा म्हणून झाला, बाळ माझ्या खांद्यावर पेंगायला लागलं. मी मुद्दाम वळले आणि ते आईच्या हातात दिलं. "तू निजव," म्हटलं. आईनं घेतलं. आणि आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "अगो, हिच्याकडे देऊ नको. हिका निजवूची सवय नाय. माझ्याकडे दे."

जुन्या बायकांना माहीत होतं, नव्यांना काहीतरी आहे एवढं कळलं. आईचे हात आपोआप पुढे झाले, बाळ आत्याला द्यायला. इतकी सवय झाली होती तिला. माझं रक्त उसळलं, मी तोंड उघडलंच होतं.

"अक्का, थांब." बाबा होते. दाराशी उभे, एका हातानं चौकट धरलेली. त्यांचा आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते. "आमच्या पोराला त्या दिवशी मी निजवलं होतं. पालथं. कामावर जाताना. हिनं नाही. ही घरात पण नव्हती. तुम्ही सगळे हिला बोललात, आपली आई बोलली, मी बोललो. हिनं ऐकून घेतलं. मी निजवलं होतं."

आत्याच्या हातातली काठी खाली पडली. कुणी उचलली नाही.

आई बाळाला धरून तशीच उभी. तिची मान खाली, आणि बाळाच्या टोपड्यावर टपटप पाणी पडत होतं. बाबा बायकांच्या मधून वाट काढत आले, तिच्याजवळ थांबले. तिला हात लावायची त्यांची हिंमत झाली नाही. पाळणा हलू नये म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"ठेव," ते म्हणाले. "तूच निजव त्याला."

आईनं वाकून बाळाला पाळण्यात उताणं ठेवलं.